स्वस्त पुस्तकाचे देणे

पुस्तक स्वस्त असावे याविषयी आपल्या समाजात मतभेद असल्याचे माझ्या ऐकिवात नाही. संमेलनाच्या मांडवात ही मागणी झाली की टाळ्या पडतात, आणि वर्षाकाठी एकही पुस्तक विकत न घेणारे त्या टाळ्यांत मागे नसतात. जी गोष्ट सर्वांनाच चांगली वाटते तिची चौकशी सहसा कोणी करीत नाही. वास्तविक स्वस्त पुस्तक हाही एक व्यवहारच आहे, आणि व्यवहारात एका बाजूने कमी दिले गेले तर दुसऱ्या बाजूने कोणीतरी भरलेले असते. कागदवाला फुकट कागद देत नाही, छापखानेवाला पुण्य म्हणून यंत्र चालवीत नाही. मग वाचकाने जे दिले नाही ते कोणी दिले? आणि देणाऱ्याने त्याच्या बदल्यात काय घेतले? हा प्रश्न हिशेबनिसाचा वाटेल, परंतु मला तो नीतीचा वाटतो.

मी बोलतो आहे ते एका विशिष्ट पुस्तकाविषयी. बत्तीस किंवा अठ्ठेचाळीस पाने, मधोमध दोन पिना, पातळ कागदाचे रंगीत वेष्टन, आणि त्यावर ज्याला फारशी चित्रकला येत नाही अशा चित्रकाराने काढलेला एक घोडेस्वार किंवा एक संत. आळंदी-पंढरपूरच्या रस्त्यावर, जत्रेत, एस. टी. स्टँडवर हे पुस्तक मिळते. हरिपाठ, एखाद्या संताचे चरित्र, एखाद्या किल्ल्याचा इतिहास, पवाडे, निवडक जुन्या गोष्टी. अशी पुस्तके तालुक्याच्या गावचा एखादा हौशी प्रकाशक काढतो. त्याचे दुकान, त्याचे गोदाम आणि त्याचे घर हे बहुधा एकच असते. या पुस्तकाला विद्वानांच्या सभेत नाव नाही. आपण त्याला चोपडी म्हणू.

चोपडीकडे मी नाक मुरडून पाहत नाही, हे आधीच सांगितलेले बरे. मी शाळामास्तर आहे, उरल्या वेळात कादंबऱ्या लिहितो, आणि माझ्या नावापुढे पदवी नाही. पदवी नसलेल्या माणसाला जे काही येते ते त्याने कोठून तरी वेचलेले असते. माझ्या वेचणीत चोपड्यांचा वाटा मोठा आहे. म्हणूनच तिचा हिशेब मांडण्याचा अधिकार मला आहे असे मी समजतो. परक्याने मागितला तर तो अपमान ठरेल. घरच्याने मागितला तर ती काळजी असते.

किंमत ही वाटते तितकी निरुपद्रवी गोष्ट नाही. टॉमस पेन याच्या ‘राइट्स ऑफ मॅन’ या ग्रंथाचे दोन भाग १७९१ आणि १७९२ साली लंडनमध्ये निघाले. पहिला भाग तीन शिलिंगांना होता. सरकारला तो आवडला नव्हता, तरी सरकार गप्प बसले. दुसरा भाग स्वस्त आवृत्त्यांतून गल्लोगल्ली पोचला, तेव्हा मात्र पेनवर खटला भरण्यात आला. खटल्यात सरकारी वकिलाने दिलेले कारण विचार करण्यासारखे आहे. महाग पुस्तक विचारी माणसांच्याच हाती पडेल, म्हणून पहिल्याकडे दुर्लक्ष केले. दुसरे वाटेल त्याच्या हाती जाऊ लागले, म्हणून हा खटला, असा त्याचा आशय होता. म्हणजे विचार तोच, लेखक तोच. महाग असताना तो चालत होता, स्वस्त होताच तो अपराध झाला. याच पेनचा ग्रंथ जोतीराव फुल्यांनी १८४७ च्या सुमारास वाचला आणि त्याचे ऋण मानले. स्वस्त पुस्तक कोठपर्यंत चालत जाते याचा यापेक्षा मोठा दाखला मला ठाऊक नाही.

परंतु त्याच इंग्लंडात, त्याच दशकात, ही शक्ती दुसऱ्या बाजूनेही ओळखली होती. हॅना मोर नावाच्या धर्मशील बाईंनी १७९५ मध्ये ‘चीप रिपॉझिटरी ट्रॅक्ट्स’ काढायला आरंभ केला. फेरीवाले विकत असत त्या चोपड्या बाईंनी बारकाईने पाहिल्या होत्या. तसाच कागद, तसेच लाकडी ठशाचे चित्र, तशीच यमकाची गाणी. किंमत अर्धा पेनी, एक पेनी. वर्षभरात वीस लाखांच्या घरात प्रती खपल्या. आतील मजकूर काय? गरिबाने कष्ट करावेत, दारू पिऊ नये, धन्याशी प्रामाणिक राहावे आणि असल्या स्थितीत समाधान मानावे. त्यांतील काही उपदेश चांगला नव्हता असे मी म्हणणार नाही. दारू पिऊ नये हे कोणत्या मास्तराला अमान्य होईल? पण या चोपड्या गठ्ठ्यांनी कोण विकत घेत होते? जमीनदार, धर्मगुरू, सुखवस्तू कुटुंबे. ती घेत आणि आपल्या कुळांना, चाकरांना, तुरुंगांतून आणि शाळांतून वाटीत. वाचणारा एक, आणि पैसे देणारा दुसरा! ज्याने पैसे दिले त्याच्या सोयीचा मजकूर ज्याने पैसे दिले नाहीत त्याच्या हाती गेला. वाचक हा येथे गिऱ्हाईक नव्हताच. तो निशाण होता.

फुकट चोपडीविषयी माझ्या मनात जी शंका आहे तिचे मूळ येथे आहे. आपल्याकडेही मराठी मुद्रणाचा आरंभकाळ वाटण्याच्या पुस्तिकांचाच. मुंबईतील अमेरिकन मिशनने १८१७ साली आठ पानांची मराठी धर्मपुस्तिका छापली, ती विकण्यासाठी नव्हे. त्या मिशनऱ्यांचे कष्ट मी कमी लेखीत नाही. त्यांच्या छापखान्यात जावजी दादाजी हा गरिबाघरचा मुलगा खिळे हाताळायला शिकला, आणि पुढे १८६९ मध्ये त्याने निर्णयसागर छापखाना उभा केला. शुद्ध छपाई आणि बेताची किंमत एकत्र नांदू शकतात, हे या महाराष्ट्राला त्याने दाखवले. वाटण्यासाठी आणलेल्या खिळ्यांतून विकण्याजोगे पुस्तक निघाले, ही मला त्या काळातली मोठी घटना वाटते. विकत घेणारा माणूस पुस्तक परत ठेवू शकतो. त्याला ‘नको’ म्हणता येते. फुकट घेणाऱ्याला ते म्हणता येत नाही. फार तर तो न वाचता पुडी बांधतो.

तेव्हा पहिला नियम असा दिसतो, की जो पैसे देतो त्याचा हात लेखणीपर्यंत पोचतो. हा हात झिडकारल्याचे उदाहरण आपल्याजवळच आहे. लाहोरच्या जातपात तोडक मंडळाने १९३६ साली डॉ. आंबेडकरांना अध्यक्षीय भाषणासाठी बोलावले. भाषण लिहून झाले. मंडळातील लोकांना त्यातला काही भाग रुचला नाही. तो गाळावा, बदलावा अशी बोलणी सुरू झाली. बाबासाहेबांनी स्वल्पविरामही बदलण्यास नकार दिला. संमेलन रद्द झाले. मग ते भाषण त्यांनी स्वतःच्या खर्चाने छापले. प्रती पंधराशे, दोन महिन्यांत संपल्या. ‘अ‍ॅनिहिलेशन ऑफ कास्ट’ म्हणून जी पुस्तिका आज जगभर वाचली जाते ती ही. यजमानाच्या मर्जीने ती निघाली असती तर अधिक थाटात निघाली असती, आणि बहुधा आज कोणी वाचली नसती.

येथे कोणी म्हणेल, दाता नको असेल तर बाजार आहे. वाचकालाच पैसे देऊ द्या, म्हणजे प्रश्न सुटला. दुर्दैवाने तो सुटत नाही, आणि का सुटत नाही हे छापखान्यात उभे राहिल्याशिवाय कळत नाही. पुस्तकाची जुळणी, मुद्रितशोधन, मुखपृष्ठ यांचा खर्च पाचशे प्रतींना जेवढा तेवढाच पाच हजारांना. म्हणून प्रत स्वस्त करायची तर प्रती पुष्कळ काढाव्या लागतात. प्रती पुष्कळ काढायच्या तर त्या खपतीलच अशी खात्री हवी. आणि खात्रीने काय खपते? लोकांना जे आधीच ठाऊक आहे, जे आधीच आवडते, तेच. अशा रीतीने प्रकाशक कितीही सद्‌हेतूने निघाला असला, तरी स्वस्ताईचा उतार त्याला हळूहळू वाचकाच्या आवडीकडे ओढीत नेतो. दात्याची जागा आता गर्दीने घेतलेली असते, एवढाच फरक.

अमेरिकेत कॅन्सस राज्यातील जिरार्ड या लहानशा गावी इमॅन्युएल हाल्डेमन-ज्यूलियस या गृहस्थाने १९१९ पासून खिशात मावणारी निळ्या वेष्टनाची पुस्तके काढली. प्रत्येकी पाच सेंट. शेक्सपीअर, प्लेटो, विज्ञान, इतिहास, सर्व काही. कोट्यवधी प्रती शेतकऱ्यांच्या आणि कामगारांच्या खिशांतून फिरल्या. हे काम मोठे होते याबद्दल शंका नाही. पण पुस्तक ठराविक संख्येने खपले नाही की तो त्याचे नाव बदलीत असे. फ्रेंच लेखक गोत्ये याच्या एका कथेचे ‘सोनेरी लोकर’ अशा अर्थाचे नाव होते. वर्षाला सहा हजार प्रती जात. ‘सोनेरी केसांच्या प्रेयसीचा शोध’ अशा अर्थाचे नाव देताच पन्नास हजार गेल्या. आतले एक अक्षर बदलले नव्हते. मग यात वाईट काय? मी पुष्कळ विचार केला, आणि मला एवढेच म्हणता येते, की पाच सेंट देणाऱ्याला फसवून का होईना चांगले पुस्तक मिळाले. परंतु पुढच्या वेळी तो चांगले पुस्तक मागायला आला नाही, प्रेयसी मागायला आला.

कथेचे नाव बदलले तर हानी हसण्यावारी नेता येते. इतिहासाच्या चोपडीत ती नेता येत नाही. आठशे पानांचा ग्रंथ बत्तीस पानांत आणताना पहिल्यांदा काय गळते? मोठमोठ्या लढाया गळत नाहीत, तारखा गळत नाहीत, संवाद तर वाढतात. पहिल्यांदा गळतो तो ‘बहुधा’ हा शब्द. त्यापाठोपाठ ‘असे एका बखरीत आहे’ हे वाक्य जाते, मग ‘याविषयी दुसरे मत असे’ हे जाते. संशयाला जागा लागते आणि संशय खपत नाही. म्हणून तो दोन्ही कारणांनी निघतो. उरते ते खात्रीचे, ठासून सांगितलेले. चोपडी जितकी पातळ तितका तिचा आवाज मोठा, हा अनुभव आपल्या सर्वांना आहे.

माझ्या वर्गात एका मुलाने जत्रेत घेतलेले तानाजीचे पुस्तक आणले आणि विचारले, “गुरुजी, आपल्या धड्यात घोरपड का नाही?” मी म्हटले, घोरपड पवाड्यात आहे. त्यावर तो म्हणाला, “पण या पुस्तकात तसं लिहिलेलं नाही. यात ती खरीच आहे.” मुलाचे म्हणणे बरोबर होते. तानाजी सिंहगडावर पडला हे १६७० सालचे वृत्त, आणि घोरपडीच्या दोराने गड चढल्याची कथा, ही दोन्ही त्या पानावर एकाच आवाजात, एकाच टायपात छापली होती. घोरपड काढून टाका असे मी म्हणणार नाही. ज्या समाजाने ती कथा तीन शतके सांभाळली त्याचे त्या घोरपडीवर प्रेम आहे, आणि ते प्रेमही इतिहासच आहे. माझे मागणे ‘असे पवाड्यात आहे’ या तीन शब्दांपुरते आहे.

त्या तीन शब्दांना किती कागद लागतो? शिवाजी महाराजांच्या जन्मतारखेचे घ्या. १६२७ की १६३०, हा वाद पुष्कळ वर्षे चालला. १९१६ साली लोकमान्य टिळकांनी जेधे शकावली प्रसिद्ध केली, तीत १६३० ची नोंद सापडली. पुढे १९ फेब्रुवारी १६३० ही तारीख महाराष्ट्र शासनाने २००१ मध्ये मान्य केली. हा सारा वाद, पुराव्यासकट, मी येथे तीन वाक्यांत सांगितला आहे. चोपडीत एवढी जागा नसते असे कोणी म्हणेल तर मी ते मानणार नाही. जागा असते, धीर नसतो. वाचकाला संशय पेलणार नाही, असे आपण त्याच्या वतीने ठरवून टाकलेले असते. पेनवर खटला भरणारा सरकारी वकील आणि हा प्रकाशक, दोघांचे वाचकाविषयीचे मत एकच आहे. एकाने त्याला पुस्तक नाकारले, दुसऱ्याने त्याला पुस्तक दिले आणि सत्य नाकारले.

पातळ पुस्तकातही युक्तिवाद मावतो. गोविंद पानसरे यांची ‘शिवाजी कोण होता?’ ही पुस्तिका १९८८ ची. मूळ एका भाषणाची; पुन्हापुन्हा छापली गेली. तिच्यातील प्रत्येक निष्कर्ष पटलाच पाहिजे असे नाही. परंतु तिचे नावच प्रश्नचिन्हाने संपते, आणि ती वाचकाला कारणे देते. कारणे दिली की वाचकाला ती खोडता येतात. खोडता येणे हा वाचकाचा हक्क आहे.

आता आणखी एक देणेकरी राहिला. तो सर्वांत गप्प असतो. लंडनच्या सेव्हन डायल्स या वस्तीत जेम्स कॅटनॅकचा चोपड्यांचा छापखाना होता. तेथे चित्रे हातांनी रंगवीत, आणि ते काम लहान मुलांकडून होई. एकाच्या हाती लाल, दुसऱ्याच्या हाती निळा. खेड्यातल्या मुलाला पेनीत रंगीत चित्र मिळे. शहरातल्या मुलाच्या बालपणातून ते निघालेले असे. आज मुलांची जागा दुसऱ्यांनी घेतली आहे. मुद्रिते तपासणाऱ्याला पानामागे काय मिळते, अनुवादकाला किती, हे विचारून पाहावे. लेखकाला तर पुष्कळदा पंचवीस प्रती आणि एक शाल मिळते. आणि मोबाइलवर पुस्तकच्या पुस्तक फुकट पाठवणारे जे मित्र आहेत, ते ज्ञानदान करीत असल्याच्या समाधानात असतात. दान मात्र दुसऱ्याच्या खिशातले असते.

इतके सगळे ऐकल्यावर एखादा वैतागून म्हणेल, “मास्तर, तुमच्या सोवळ्यात चोपडी निघायचीच नाही.” हा आक्षेप मी हलका मानीत नाही. न निघालेल्या पुस्तकाचेही देणे असते, आणि ते सर्वांत भारी असते. जोतीरावांनी १८८३ मध्ये ‘शेतकऱ्याचा असूड’ लिहिला. त्याचे पहिले दोन भाग ‘दीनबंधू’त आले आणि पुढचे थांबले, संपूर्ण ग्रंथ पुस्तकरूपाने त्यांच्या हयातीत निघाला नाही. ज्याच्यासाठी लिहिला त्या शेतकऱ्याच्या दोन पिढ्या त्यावाचून गेल्या. तेव्हा महाग, निर्दोष आणि न पोचलेले पुस्तक ही काही पुण्याई नव्हे. सदोष चोपडी आणि निर्दोष मौन यांत निवड करावी लागली, तर मी चोपडी घेईन. पण निवड इतकीच असते असे आपल्याला कोणी पटवू लागला, तर तो काहीतरी लपवतो आहे असे समजावे.

आणि फुकट दिलेले सगळेच पुस्तक संशयास्पद का? नाही. १९०७ साली भीमराव आंबेडकर मॅट्रिक झाले तेव्हा कृष्णराव अर्जुन केळुसकरांनी आपले बुद्धचरित्र त्यांना दिले. त्या पुस्तकापासून १९५६ पर्यंतची वाट सर्वांना ठाऊक आहे. परंतु केळुसकरांनी ते पुस्तक वाटले नव्हते, भेट दिले होते. भेटीत देणारा घेणाऱ्याला ओळखतो. त्यांनी त्या मुलाला बागेत वाचताना पाहिले होते, आणि लिहिणारे, देणारे तेच होते. वाटपात चेहरा नसतो, संख्या असते. एका मुलाला एक पुस्तक देणे आणि एका गावात हजार टाकणे, या दोन्हींना ‘फुकट’ हा एकच शब्द आहे, हे आपल्या भाषेचे दारिद्र्य होय.

सरकारने द्यावे, हाही एक मार्ग आहे, आणि तो मोलाचा आहे. महाराष्ट्र शासनाने १९७९ पासून बाबासाहेबांच्या लेखनाचे खंड काढले आणि नाममात्र किमतीला दिले. एवढे मोठे खंड एखाद्या लहान प्रकाशकाच्या आवाक्यातले नव्हेत. तरी त्या कामाचीही गती मंदावली, आणि २०२१ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाला त्याची स्वतःहून दखल घ्यावी लागली. ज्याची मर्जी त्याची गती; सरकार झाले तरी दाताच.

म्हणून नागपूरच्या दीक्षाभूमीवर, किंवा ६ डिसेंबरला दादरच्या चैत्यभूमीजवळ, जे घडते ते मला या प्रश्नाचे उत्तर वाटते. तेथे दूरदूरच्या खेड्यांतून माणसे येतात. त्यांतली पुष्कळ रोजंदारीची. जेवण अनेकांना मोफत मिळते. पुस्तक ती विकत घेतात. लहान लहान प्रकाशकांचे शेकडो ठेले, आणि त्यांवर पिना मारलेल्या चोपड्यांची रास. एखादी बाई पुस्तक हातात घेते, चाळते, किंमत विचारते, परत ठेवते, दुसरे उचलते. ‘परत ठेवते’ हे मला महत्त्वाचे वाटते. त्या क्षणी ती कोणाची उपकृत नाही, कोणाचे निशाण नाही. तिने दिलेल्या वीस-तीस रुपयांनी प्रकाशकाचा नफा फारसा होत नाही. पण त्यांनी तिला पुस्तकाशी भांडण्याचा अधिकार मिळतो. किंमत असावी ती याचसाठी, आणि कमी असावी तीही याचसाठी.

तेव्हा चोपडी काढणाऱ्याने कात्री कोठे चालवावी? कागदाला चालवावी, पानांना चालवावी, वेष्टनाच्या रंगांना चालवावी, पुठ्ठ्याला तर अवश्य. प्रस्तावनेतील थोरामोठ्यांचे आशीर्वाद गाळावेत. दोन पाने सहज वाचतील. मजुराच्या आणि मुद्रितशोधकाच्या पैशाला ती लागू देऊ नये. दात्याने पैसे दिले असतील तर त्याचे नाव पहिल्या पानावर छापावे, म्हणजे कोणाचे ऐकतो आहोत हे वाचकाला कळेल. आणि ‘बहुधा’ हा शब्द राहू द्यावा. तो तीन अक्षरांचा आहे. सबंध पुस्तकात त्याला जेवढी शाई लागते, तेवढी महाग झालेली मी अजून पाहिली नाही.